नाताळात एकटं वाटतंय? आधी घरातला एक स्टीलचा डबा शोधा

एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "वय ६३. मूळचा राहुरीकडचा, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त, आता वडगाव शेरीत चौथ्या मजल्यावर राहतो. पत्नी मार्चमध्ये गेली. मुलगी इंग्लंडला. आमच्या इमारतीत ख्रिस्ती घर आमचं एकच. चर्चला जातो, उपासना संपली की घरी येतो. डिसेंबर लागल्यापासून पोटात गोळा येतोय. ग्रुपवर 'हॅपी ख्रिसमस'चे पन्नास स्टिकर येतील आणि दाराची बेल एकदाही वाजणार नाही. हे दहा दिवस कसे काढावेत?"

सलाम. आमच्या वॉर्डात नगरकडच्या दोन ख्रिस्ती सिस्टर होत्या, त्यांच्यामुळे हा तुमच्याकडचा 'सलाम' माझ्या तोंडात बसला, तो आज कामी आला.

मी पुण्यात चोवीस वर्षं सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून काम करते आहे. दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळ ते संक्रांत या दोन काळांत आमच्या दाराबाहेरची बाकं कमी पडतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही. पण 'बेल एकदाही वाजणार नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं.

तुम्ही दहा दिवस काढण्याबद्दल विचारताय, पण मला अडचण दिवसांची वाटत नाही. गेल्या वर्षीपर्यंत डिसेंबरात तुमच्यामागे कामं असणार. भाजणी दळून आणा. नानकटाईचं पीठ बेकरीत न्या आणि ट्रे आपलेच परत मिळतायत ना, ते तिथे उभं राहून बघा. चांदणीची वायर कुठे तुटलीय ते शोधा. अमक्यांकडे ताट पोचवा, तमक्यांकडचं आणा. ही कामं सांगणारी व्यक्ती गेली आणि तिच्याबरोबर कामंही गेली. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत नात्यांचं टेलिफोन एक्स्चेंज बाईच्या हातात असतं. नवऱ्याला वाटतं, लोक आपल्याकडे येतात. ते बऱ्याचदा तिच्याकडे आलेले असतात आणि हा सोफ्यावर असतो. थोडं कठोर बोलले, पण पत्नी गेल्यावर वर्षभरात माणसं तुटलेले इतके पुरुष मी पाहिलेत की हे गोड करून सांगणं जमत नाही. त्यांना कुणी टाकलेलं नसतं. एक्स्चेंज बंद पडलेलं असतं, एवढंच.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. मला तुमची झोप माहीत नाही, जेवण माहीत नाही, संध्याकाळी एकट्याने पेला भरता का ते माहीत नाही. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, वजन उतरलं असेल, आंघोळ करणंही जड जात असेल किंवा 'आपण नसलो तर कुणाचं काय अडतंय' असं मनात येत असेल, तर खाली लिहिलेलं सगळं नंतर. आधी डॉक्टर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइनही आहे. दुःख, एकटेपणा आणि नैराश्य ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमच्या प्रश्नावरून पहिली दोन दिसतायत, तिसऱ्याचा अंदाज लांबून करणं मला पटत नाही. आणि दारूबद्दल एकच: या दहा दिवसांत एकट्याने बसून नको.

आता माझी एक चूक सांगते. बाईंची ओळख पुसून लिहिते आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी कॅम्पात राहणाऱ्या एक विधवा बाई माझ्याकडे यायच्या. मी उत्साहाने त्यांना एका मोठ्या ख्रिसमस लंचला पाठवलं. दोनशे माणसं, गाणी, केक. मला वाटलं, झालं काम. आठवड्याने त्या आल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी मला 'बसा, बसा' म्हटलं. मी चार तास बसून होते." त्या दिवशी त्यांना घरी वाटला नसता इतका एकटेपणा वाटला होता. पुढच्या नाताळला त्या स्वतःहून चर्चच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कोशिंबिरीचा कांदा चिरायला बसल्या. नंतर मला सांगत होत्या, "कांद्यामुळे बरं झालं. मधेच रडू आलं, कुणाला कळलंसुद्धा नाही."

तेव्हापासून मी कुणालाही 'लोकांत मिसळा' असं सांगत नाही. मी विचारते, तिथे तुमच्या हातात काय असेल?

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक, जिवाभावाचं एक माणूस नसल्याचा. दुसरा, आपण कुणाच्या तरी गोतावळ्यात आहोत ही जाणीव नसल्याचा. पहिला दुसऱ्याने भरून निघत नाही. पत्नीची जागा कॅरलवाली वीस पोरं भरू शकणार नाहीत आणि भरत नाही म्हणून त्यांना दोषही देऊ नये. दुसऱ्या प्रकारावर मात्र पुष्कळ काही करता येतं. तुम्ही दोन्हींची बेरीज करून बसलायत, म्हणून दहा दिवस डोंगराएवढे दिसतायत.

पहिल्यासाठी मी इतकंच सुचवेन की त्याला वेळ नेमून द्या. चोवीस तारखेला दुपारी कबरस्तानात जा, फुलं ठेवा, मेणबत्ती लावा, हवं तेवढं बोला, रडा. मग परत या आणि संध्याकाळच्या कामाला लागा. दुःख झालेला माणूस आठवणीत बुडणं आणि रोजच्या व्यवहारात परतणं, या दोन टोकांमध्ये ये-जा करत सावरतो, असं नेदरलंड्समधल्या मार्गारेट स्ट्रूब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं. माझ्या टेबलासमोरही मला तेच दिसत आलंय. जे फक्त आठवणीत राहतात ते अडकतात. 'मी एकदम ओके' म्हणत धावत सुटतात तेही अडकतात, फक्त उशिरा.

आता दुसरा प्रकार. इथे मला दोन गोष्टी सांगायच्यात: चर्चमध्ये काम मागून घेणं आणि शेजारी डबा देणं.

उपासना संपली की तुम्ही घरी येता, असं लिहिलंय. म्हणजे सगळ्यात मोक्याची वीस मिनिटं तुम्ही दर रविवारी सोडून देता. उपासना चालू असताना कुणी कुणाशी बोलत नसतं, ओळखी होतात त्या नंतर, आवारात चपला घालताना आणि चहा घेताना. पण नुसतं थांबून राहणं तुम्हाला अवघड जाणार, कारण रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या माणसाला कुठे बघावं ते कळत नाही. म्हणून या रविवारी पाळकसाहेबांना किंवा कमिटीतल्या कुणाला गाठा. 'काही मदत लागली तर सांगा' असं म्हणू नका. त्यावर सगळे 'हो हो, नक्की' म्हणतात आणि विसरतात, त्यांचाही दोष नसतो. नेमकं बोला: "चोवीसच्या रात्री गाड्या लावायचं मी बघतो." "पंचवीसला सकाळी खुर्च्या मांडायला साडेसहाला येतो." किंवा मला सगळ्यात आवडणारं काम: "उपासनेला एकट्याने येता येत नाही अशा म्हाताऱ्यांना रिक्षाने मी घेऊन येतो, मला तीन नावं द्या." कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेवर हजर राहून काम पुरं करणं शिकवावं लागत नाही. तुमच्या मंडळीला अशा माणसाची गरज असणार, फक्त तुम्ही मोकळे आहात हे त्यांना माहीत नाही.

कॅरलवाल्या तरुण मंडळींनाही आधीच सांगून ठेवा की एका रात्रीचा चहाचा थांबा माझ्या घरी. चौथा मजला आहे म्हणून संकोच नको, पोरं जिने चढतात. घर आवरलेलं नसलं तरी चालेल. पंधरा पेपर कप, एक पातेलं चहा आणि बिस्किटं पुरेत. गाणी म्हणतील, त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद असेल, ते ऐकताना तुमचा आवाज कापेल. कापू दे.

आता डब्याचं. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ मला सिस्टरांमुळे माहीत आहे: करंज्या, शंकरपाळी, चकल्या, म्हणजे आमच्या दिवाळीचीच भावंडं. हे ताट शेजारी जायचं आणि दिवाळीला शेजारचं यायचं. आपल्याकडे एक रीत आहे, आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची. लहानपणी मला ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट वाटायची. या कामात आल्यावर कळलं की शेजाराचं अख्खं यंत्र त्यावर चालतं. भांडं तुमच्याकडून गेलं की समोरच्यावर एक छोटीशी, गोड अशी बाकी राहते. ती फेडायला तो येतो, फेडताना नवी बाकी करून जातो. हिशेब कधी चुकता होत नाही आणि म्हणून ये-जा थांबत नाही. मिठाईवाल्याचा पुठ्ठ्याचा बॉक्स दिला की हिशेब तिथल्या तिथे मिटतो. 'थँक्यू हं काका' आणि दार बंद.

म्हणून डबा स्टीलचा द्या. शंकरपाळी विकत आणलीत तरी हरकत नाही, घरगुती फराळ करून देणाऱ्या बायका डिसेंबरातही ऑर्डर घेतात. पण मी तुमच्या जागी असते तर निदान एक घाणा स्वतः तळला असता, मुलीला व्हिडिओ कॉलवर घेऊन. तिच्याशी बोलणं एरवी कसं होत असेल ते मी सांगते: "जेवलास का?" "जेवलो." "बरा आहेस ना?" "बरा आहे." तीन मिनिटांत दोघंही संपता. कामाभोवतीचं बोलणं वेगळं चालतं. इंग्लंड या दिवसांत आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तुमचे रात्रीचे आठ ते तिचे दुपारचे अडीच. सुट्टीच्या दिवशी फोन ओट्यावर टेकवून ठेवा आणि तिला विचारा, आई मोहन किती घालायची? तिलाही आईबद्दल बोलायला निमित्त हवं असणार. तीही तिथे आईशिवायचा पहिलाच नाताळ काढते आहे.

डबे तीनच घरी द्या, जास्त नको. समोरच्यांकडे, खालच्या मजल्यावर एकांकडे आणि ज्यांच्याशी नुसती जिन्यातली ओळख आहे अशा एकांकडे. दारातून देऊन पळू नका. एक वाक्य तयार ठेवा: "ही गेल्यापासूनचा पहिलाच नाताळ. पंचवीसला संध्याकाळी पाच वाजता घरी आहे, चहाला या." वेळ सांगा, वार सांगा. 'कधीतरी या' या पुणेरी आमंत्रणाची खरी किंमत तुम्हाला-मला दोघांनाही ठाऊक आहे.

इथे तुम्ही म्हणाल, त्यांना यायचंच असतं तर स्वतःहून आले असते. हाच तो विचार, ज्यावर माझं निम्मं काम चालतं. बराच काळ एकटं राहिलेलं मन पहारेकऱ्यासारखं होतं, प्रत्येक गोष्टीत नकार हुंगतं. निळी टिक आली पण उत्तर नाही, म्हणजे टाळलं. स्टिकर पाठवला, म्हणजे कटवलं. २०११ मध्ये शिकागोतल्या संशोधकांनी एकटेपणावरच्या उपायांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा मनातले हे उलटे अर्थ तपासायला शिकवणारे उपाय अधिक परिणामकारक ठरले. तेव्हा स्टिकरचा दुसरा अर्थ लावून बघा. तुमच्या हिंदू शेजाऱ्यांना नाताळला काय करायचं असतं, खरंच माहीत नाही. काय न्यायचं? गेलं तर चालतं का? घरात वर्षाच्या आत मृत्यू झालाय, शुभेच्छा द्यायच्या की नाही? आमच्याकडे त्या वर्षी सण करत नाहीत, त्यामुळे लोक अडखळतात आणि अडखळलेला माणूस स्टिकर पाठवतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा अभ्यास सांगतो की आपण अचानक कुणाची आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो. अनपेक्षित असेल तर आणखीच.

याच शहरात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये हिंदू मंडळींनी घेतलेल्या एका चहावरून रान पेटलं होतं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी त्यात होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पंचहौदचा मनोरा गुरुवार पेठेत अजून उभा आहे. आज तुमच्या चहाला यायला कुणाला प्रायश्चित्त लागत नाही, फक्त बोलावणं लागतं. ते करायचं काम सध्या तुमच्याकडे आलंय.

कॅम्पाबद्दल थोडं. चोवीसच्या संध्याकाळी एकट्याने एम. जी. रोडला जाऊ नका. दिवे, गर्दी, जोडपी, कुटुंबं, सेल्फी. ओळखीचं कुणी नसलेल्या गर्दीत एकटेपणा अंगावर येतो. कॅम्पात जायचंच तर आठवड्यातल्या एखाद्या सकाळी कामाने जा. कयानी बेकरीच्या रांगेत उभे राहा, डब्यांसाठी श्रूजबरी बिस्किटं घ्या. रांगेत पुढचा-मागचा बोलतोच.

आणि तुमच्यासारखीच बेल न वाजणारी माणसं वडगाव शेरी-विमाननगर पट्ट्यात कितीतरी आहेत: केरळची, नागालँडची, मणिपूरची पीजीत राहणारी पोरं, पंचवीसला ड्यूटी लागलेल्या नर्सेस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि हे प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत कमी नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून लवकर निघून जाणारी दोन पोरं हेरा. पंचवीसच्या दुपारी जेवायला बोलवा. मटण बाहेरून आणलंत तरी कुणी नाक मुरडणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती सव्वीस तारखेपासूनची. पंचवीस कसाही निघतो. सव्वीसला चांदणी लटकत असते, फोन थंडावतात आणि माणूस कोसळतो. आमच्या बाकांवर गर्दी होते ती तेव्हा. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मोजलं होतं, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण पन्नास तास सोबत घालवावे लागतात, जवळच्या मैत्रीला दोनशेहून जास्त. त्यांनी हे विद्यार्थ्यांवर आणि नव्या गावी राहायला गेलेल्यांवर तपासलं होतं, तुमच्या-माझ्या वयावर जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. तरी हिशेब करून बघा. वर्षातून एकदा तीन तासांचं स्नेहसंमेलन धरलं, तर पन्नास तासांना सतरा वर्षं लागतील. रोज सकाळी अर्धा तास त्याच बाकावर, त्याच चार माणसांबरोबर धरलात, तर शंभर दिवस. म्हणजे जानेवारीच्या एक तारखेला सुरू केलंत तर एप्रिलच्या दहा-अकरापर्यंत.

म्हणून डिसेंबर संपण्याआधी एक जागा ठरवा, जिथे तीच माणसं रोज भेटतात. तुमच्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतला हास्यक्लब, वाचनालयाचा वर्तमानपत्रांचा कोपरा, काहीही. पहिले दोन आठवडे कंटाळा येईल. एक गृहस्थ राजकारणावर बोलतच सुटतील, ते प्रत्येक संघात एक असतातच. तरी जा. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एक दिवस नाही गेलात तर कुणीतरी विचारेल, "काल कुठे होतात?" त्या प्रश्नासाठीच हे सगळं चाललंय.

सगळं एकदम करू नका. या आठवड्यात दोनच गोष्टी: रविवारी पाळकसाहेबांकडून एक नेमकं काम मागून घ्या आणि तीन डबे काढून ठेवा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, त्यामुळे तुमच्या मांडणीवरच्या डब्यांवर बहुधा तुमच्या पत्नीचंच नाव असेल. मुद्दाम तेच डबे काढा. जानेवारीत एखादा डबा परत आला नाही तर मागायला जायला निमित्त राहील, आणि कुणी घेऊन आलंच तर झाकणावरचं नाव वाचून ते त्यांच्याबद्दल विचारतील. तेव्हा चहाचं आधण ठेवा आणि सांगा.